कूलर बंद केला आणि कळलं, शिट्टी कानातच वाजतीय

लेझीम_कॅप्टन
१८ नोव्हेंबर, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत असतो इथं, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, बाळीवेशीजवळ राहतो, वय ३४. कानात आवाज येतो. कुईंऽऽ असा बारीक, एकसारखा, जुन्या डब्बा टीव्हीतून यायचा ना तसा, डाव्या कानात जास्त. कधीपासून येतोय ते मलाच सांगता येत नाही, कारण आपल्याकडं मार्चमधे कूलर चालू होतो तो ऑक्टोबरची तलखी संपेपर्यंत काय बंद होत नाही. यंदा दिवाळीनंतर बंद केला आणि त्या रात्री बायकोला म्हणलं, टीव्ही बटणावरनं बंद कर, शिट्टी मारतोय. ती म्हणली टीव्ही बंदच आहे. मग फ्रिज बंद करून बघितला, इन्व्हर्टर बंद केला, रात्री एक वाजता लायटीच्या मीटरला कान लावून उभा होतो, शेजारचे काका बघून गेले. शेवटी दोन्ही कानात बोटं घातली तर आवाज आणखी मोठा झाला. तेव्हा पोटात गोळा आला.

मागची कथा अशी की मी पंधरा वर्षं मंडळाच्या लेझीम पथकात आहे, त्यातली आठ वर्षं कॅप्टन. म्हणजे तोंडात शिट्टी. दीड महिना रोज रात्री सराव, विसर्जनाला दहा-बारा तास मिरवणूक, आणि आपल्या मागं जे मंडळ असतं त्यांचा डीजे बरोबर आपल्या पाठीला. दरवर्षी दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसायचे, आम्ही हसायचो, दोन दिवसात मोकळे व्हायचे. यंदा दडे मोकळे झाले, शिट्टी राहिली.

ईएनटीकडं जाऊन आलो. मळ काढला, ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) केली, ४००० हर्ट्झला आलेख खड्ड्यात गेलाय. डॉक्टर म्हणले हे असंच राहणार, सवय करा, पुढचा पेशंट. सवय करा म्हणजे नेमकं काय करा?

आता खरी अडचण. बायकोनं २० डिसेंबरला पुण्यातल्या एका कॉन्सर्टची तिकिटं काढून ठेवलीत, तिच्या आवडत्या गायकाची, सहा महिन्यांपासून वाट बघतीय. जाऊ का नको? घरच्यांना वाटतं मी नाटक करतोय, कारण आवाज माझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही.

शेंगाचटणी
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

काय बे कॅप्टन, आठ वर्षं दुसऱ्यांच्या कानात शिट्टी मारलास, आता फेडूलालास. 😄
जोक आपार्ट, मला पण हाय. मी कन्ना चौकात राहतो. तुला निदान कळलं ती रात्र तरी आठवते, मला दहावीपासूनच येऊलालंय, मला वाटायचं सगळ्यांनाच येतंय. लग्न झाल्यावर बायकोला विचारलो "तुझी कुठल्या सुरात वाजते गं", तर ती माझ्याकडं बघूलाली.

मीठमिरची
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:३४

लसणाची पाकळी तेलात कडकडीत तळून ते तेल कोमट करून दोन थेंब कानात सोडा. आमच्या आजीचा उपाय, तीन दिवसात फरक.

कानसेन
१९ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

मीठमिरची, राग मानू नका पण कृपा करून हे कुणी करू नका. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं, आणि आतल्या कानाला झालेली इजा बाहेरून तेल सोडून भरून येत नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, मूळची पंढरपूरची, आता कोल्हापुरात असते. कॅप्टन, तुमचं "सवय करा म्हणजे काय करा" हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. बस, जन्मभराचा स्टॉक तेवढाच. चामडी सोलली तर परत येते, ह्या पेशी माणसात परत येत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी मार खातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणून तुमचा खड्डा तिथेच पडला, तो बघून डॉक्टरांना न सांगताही कळतं की हा माणूस आवाजात राहिलेला आहे. मग मेंदूला त्या पट्टीतून माहिती यायची कमी होते, आणि स्टेशन नीट लागलं नाही की आपण रेडिओचा आवाज वाढवतो तसं मेंदू तिथला व्हॉल्यूम वाढवतो. स्टेशन नाही, नुसती खरखर मोठी झाली. तुम्हाला ऐकू येते ती शिट्टी बहुतेक तीच. आयुर्वेदात ह्याला कर्णनाद म्हणतात, म्हणजे दुखणं काही डीजेच्या जमान्यातलं नाही. बेथोव्हेनने १८०१ मध्ये मित्राला पत्रात लिहिलं होतं की कान रात्रंदिवस गुणगुणत असतात.

आणि दडे "मोकळे झाले" म्हणजे सगळं भरून आलं असं धरू नका. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन ह्यांनी उंदरांवर दाखवलं की ऐकू येण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी आतल्या नसांचे जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात ते किती होतं ह्यावर अजून वाद आहे, पण मी तरी माझ्या कानावर तो जुगार खेळणार नाही.

कॉन्सर्टला जा. कसं जायचं ते संध्याकाळी लिहिते, आता ओपीडी आहे.

पद्मनगरचा_पोरगा
१९ नोव्हेंबर, दुपारी १:४५

वाचून आमचे तातय्या आठवले (आम्ही पद्मशाली, आमच्यात आजोबांना तातय्या म्हणतात). भवानी पेठेत चाळीस वर्षं लूमवर (यंत्रमागावर). चादरीचे जेकॉर्ड, मग टॉवेलचे लूम. घरी बोलायचे ते पण लूमच्या वरताण आवाजात, शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडण. कारखान्यात एकमेकांचे ओठ बघून बोलायचे, त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला लांबनं बोललेलं ओठावरनं कळायचं, आम्हा पोरांची चोरी त्यामुळं कधी लपली नाही. म्हातारपणी रात्री उठून बसायचे आणि म्हणायचे "लूम कुणी चालू ठेवलाय रे". कारखाना विकून सहा वर्षं झालेली. आम्ही समजायचो डोकं गेलंय. आता हा धागा वाचून वाटतंय डोकं नव्हतं गेलं, खरंच ऐकू येत होतं. कुणी कधी विचारलंच नाही त्यांना.

कारखान्यांच्या कायद्यात आठ तासाला ९० डेसिबलची हद्द घातलेली आहे, आणि आवाजानं येणारा बहिरेपणा नोंद करायच्या आजारांच्या यादीतही आहे. पण गल्लीतल्या आठ-दहा लूमच्या शेडमधे कोण मोजायला येतंय. कापसाचा बोळा कानात, तोही धुळीसाठी.

कडक_भाकरी
१९ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

पोरगा, वाचून गलबललं. माझे वडील मिलमधे होते, तीच कथा.

बाकी मूळ मुद्दा डीजेचा आहे. बंद करा म्हणजे प्रश्नच मिटला. आपली लेझीम, हलगी, ढोल, संबळ, त्यानं कधी कुणाचे कान गेले नाहीत. आपल्या सोलापूरचा आजोबा गणपती १८८५ पासून बसतोय, तेव्हा काय डीजे होता का?

बेसटॉप
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

आलो मी शिव्या खायला. मी साउंडवाला आहे, बारा वर्षं झाली. लग्न, गणपती, जयंत्या, गॅदरिंग सगळं करतो.

भाकरीसाहेब, बंद करा म्हणायला सोपं आहे, पण मंडळाचे अध्यक्ष येतात आणि पहिला प्रश्न विचारतात "छातीत बसतंय का". आवाज कमी ठेवला तर पैसे कापतात हो, पुढच्या वर्षी शेजारच्या गावचा सेट आणतात. मी स्वतः जनरेटरच्या गाडीवर कान झाकून बसतो. हो, माझ्याही कानात वाजतं, दोन्हीकडं.

आणि हलगीनं कान जात नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? हलगी कानाजवळ कडाडली की तिच्या टिपरीचा आवाज शंभराच्या घरात सहज जातो. ताशाचं तेच. कानाला कुठं कळतंय परंपरा का पाश्चात्य.

कडक_भाकरी
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:३१

ह्या हिशोबानं उद्या भजन पण बंद कराल.

बेसटॉप
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:३३

मी काहीच बंद करा म्हणलो नाही. तुम्हीच म्हणला.

नियमावर_बोट
१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

कायद्याचं थोडक्यात सांगून जातो. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत ६५ आणि ५५. दवाखाना, शाळा, कोर्ट ह्यांच्या भोवती १०० मीटर सरकारनं शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तर तिथं ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. सणासुदीला १२ वाजेपर्यंतची सूट सरकार देऊ शकतं, वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. तक्रार ११२ वर. आमच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, एकदा विसर्जनाला फोन केला, पलीकडून "काय? जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही" म्हणाले, कारण माझ्यामागं डीजे चालू होता. ह्याला म्हणतात व्यवस्था.

कानसेन
१९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आले. आधी बेसटॉप ह्यांना अनुमोदन, कान फक्त दोन गोष्टी मोजतो, आवाज किती आणि किती वेळ. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा हिशोब सोपा आहे, ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आकडा ८५ चा १०० झाला तर वाटतं जरासाच वाढला, पण डेसिबल हा गुणाकाराचा आकडा आहे, बेरजेचा नाही. कॉन्सर्टमध्ये १०० च्या वर सहज जातं. तीन तासांचा कार्यक्रम असेल तर पहिलं गाणं संपून निवेदन चालू असतानाच तुमचा दिवसाचा कोटा संपलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलंय, कुठल्याही १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर नको, आवाज सतत मोजा, प्रेक्षकांना इअरप्लग द्या, कानाला विसावा मिळेल अशी शांत जागा ठेवा. आपल्याकडे पाण्याची बाटली आत न्यायला भांडावं लागतं, त्यामुळे प्लग आपले आपण न्या.

आता प्लग. फोमचे स्वस्त असतात आणि आवाज पुष्कळ तोडतात, पण बारीक सूर जास्त तोडतात म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठी वेगळे मिळतात, आत बारीक फिल्टर असतो, तो सगळ्या सुरांना जवळपास सारखंच कमी करतो, १५ किंवा २० डेसिबलने. पाकिटावर एनआरआर म्हणून आकडा असतो, किती डेसिबल तोडतो त्याचा, तो प्रयोगशाळेतला, फोमच्या बाबतीत त्याच्या निम्मा धरा. कारण ९० टक्के लोक फोम नुसता कानाच्या तोंडाशी ठेवतात, बाटलीला बूच लावल्यासारखा. (हा ९० चा आकडा माझ्या वैतागातून आलाय, कुठल्या पाहणीतून नाही.) नीट पद्धत अशी, हात धुवा, प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा-एक मिनिट बोटाने धरून ठेवा. समोरून आरशात बघितलं तर प्लग दिसायला नको. कापसाचा बोळा म्हणजे मनाचं समाधान.

हिशोब करा. जागेवर १०३ असेल आणि फिल्टरने खरोखर १५ तोडले तर कानात ८८. चार तास. तुमचा कार्यक्रम बसला त्यात.

आणि एक उलटी सूचना, दिवसभर घरात प्लग घालून बसू नका. शांततेत मेंदू व्हॉल्यूम आणखी वाढवतो, मग भांड्यांचा आवाजसुद्धा सोसत नाही. प्लग गोंगाटापुरता.

लेझीम_कॅप्टन
१९ नोव्हेंबर, रात्री ११:१८

कानसेन ताई, डॉक्टरांनी तीन मिनिटात जे सांगितलं नाही ते तुम्ही फुकट सांगितलं. धागा बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली "म्हणजे खरंच वाजतं का रे". चार आठवड्यांनी!

रात्रीचं काय करू ते सांगा. दिवसा कामात कळत नाही, दुकानात असतो. आडवं झालं की चालू.

शेंगाचटणी
२० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

कूलर चालू कर की बे.

लेझीम_कॅप्टन
२० नोव्हेंबर, सकाळी ७:०२

नोव्हेंबरमधे? पोराला सर्दी होईल.

शेंगाचटणी
२० नोव्हेंबर, सकाळी ७:०४

पाणी घालू नको, तोंड भिंतीकडं कर. मी दहा वर्षं तेच करूलालो. लाइट बिलावरनं बायको ओरडते ते पण ऐकू येत नाही, डबल फायदा.

कानसेन
२० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

हसू नका, शेंगाचटणींनी साउंड थेरपीच सांगितली, फक्त फी घेतली नाही. 🙂 पंखा, पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, काहीही चालेल, फक्त शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा लावू नका. शिट्टीपेक्षा किंचित कमी. दोन्ही आवाज एकत्र ऐकू आले की मेंदू हळूहळू तिला बिनकामाची ठरवतो, जसं रेल्वे लाइन्सला राहणाऱ्या माणसाला गाडी गेलेली कळत नाही. सवय म्हणजे ही. आवाज जात नाही, त्याच्याकडे लक्ष जाणं जातं. त्याला महिने लागतात, काहींना वर्ष.

झोप, चिडचिड, भीती फार असेल तर सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, टिनिटसच्या, म्हणजे कानातल्या ह्या शिट्टीच्या, त्रासावर सगळ्यात भक्कम पुरावा तिचाच आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही पुष्कळांची शिट्टी मागे पडते. आणि जिंको, झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्येच त्या देऊ नका असं सांगितलंय.

सगळ्यांसाठी: एकाच कानात वाजत असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड वाजत असेल, किंवा चक्कर येत असेल तर धागे वाचत बसू नका, दाखवून घ्या. आणि एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू यायचं कमी झालं तर ती इमर्जन्सी आहे, मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. स्टिरॉइड जितक्या लवकर चालू होतील तितकं ऐकू परत येण्याची आशा जास्त.

सावळी_विठाई
२० नोव्हेंबर, दुपारी २:१०

हे अचानक कमी ऐकू येणं म्हणजे अलका याज्ञिकना झालं तसं का? त्यांनी २०२४ च्या जूनमध्ये सांगितलं होतं, विमानातून उतरल्या आणि काहीच ऐकू येईना.

कानसेन
२० नोव्हेंबर, दुपारी २:४४

हो, त्यांनी नसेशी संबंधित श्रवणदोष आणि कारण व्हायरल अटॅक असं सांगितलं होतं. म्हणजे त्यांचं कारण आवाज नव्हे. पण त्याच निवेदनात त्यांनी तरुणांना मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोनपासून जपून राहा असंही बजावलं होतं.

बेसटॉप
२० नोव्हेंबर, रात्री १०:२०

कॅप्टन, पुण्याच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडून. स्टेजच्या पुढं जाऊ नका, ते तर कळलंच. कडेच्या स्पीकरच्या थेट समोरही नको. मधोमध मागं बघा, एक मांडव असतो, मिक्सर घेऊन माझ्यासारखा एखादा उभा असतो, त्याच्या आजूबाजूला उभं राहा. सगळं गाणं तो त्या जागेवर ऐकून बसवत असतो, तिथं आवाज कमी पण असतो आणि चांगला पण. उघड्या मैदानावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल पडतात. मोठे टांगलेले स्पीकर असले की जवळच्या टप्प्यात तेवढे पडत नाहीत, पण पडतात.

गल्लीत मात्र हे चालत नाही. मधला मारुती ते टिळक चौक दोन्ही बाजूंनी दुकानं आणि माड्या, आवाज भिंतीवर आपटून परत येतो, मागं सरकून काय फायदा नाही. म्हणून मिरवणुकीत कान जास्त जातात, मैदानात कमी. हे मी अनुभवानं सांगतो.

फोनमधलं डेसिबल मोजायचं अॅप टाकून ठेवा. फार मोठ्या आवाजात फोनचा माइक झोपतो, आकडा खराच्या खाली येतो, पण त्यानं ९५ दाखवलं तरी समजून घ्या.

मीठमिरची
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:००

पण आमच्या आजीला फरक पडला होता.

शेंगाचटणी
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:०१

तळलेला लसूण वाया घालवू नका ओ ताई, शेंगाच्या चटणीत घाला.

लेझीम_कॅप्टन
२२ डिसेंबर, रात्री ९:३०

आलो जाऊन. हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो, रात्रीच्या गाडीनं परत. वृत्तांत.

फिल्टरवाले प्लग ऑनलाइन मागवले, साडेअकराशेला पडले, बायको म्हणली एवढ्यात दुसरं तिकीट आलं असतं. तिच्यासाठी फोमचे घेतले मेडिकलमधून. बेसटॉप म्हणले तसं मिक्सरच्या मांडवाच्या डाव्या बाजूला जागा धरली. गर्दी पुढं पळत होती आणि आम्ही दोघंच मागं, लोकांना वाटलं असेल भांडण झालंय.

पहिली गोष्ट, प्लग घालून आवाज कमी झाला पण घाण नाही झाला. तबला तबलाच वाटत होता. उलट शब्द जास्त कळाले, एरवी बेसमधे बुडतात. दुसरी, स्वतः गायलं की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, मडक्यात तोंड घालून गायल्यासारखा. तिसऱ्या गाण्याला मी जोरात ताल धरला आणि बायको हसायला लागली, मला कळेना मी किती मोठ्यानं गातोय.

तिनं अर्धा कार्यक्रम प्लग न घालता काढला. मधे मी फोन दाखवला, ९८. मग घातले. म्हणाली सोलापुरी चादर तोंडावर घेऊन ऐकल्यासारखं वाटतंय. ताई, तुम्ही गोधडी म्हणला होता, आमच्याकडं चादर.

आता चूक सांगतो. शेवटच्या गाण्याला ड्रमवाल्यानं एकट्यानं पाच मिनिटं वाजवलं आणि मला राहवेना, डावा प्लग काढला. लेझीमवाला माणूस आहे हो मी, ताल अंगात घ्यायची सवय. पाच मिनिटं फक्त. दुसऱ्या दिवशी डाव्या कानातली शिट्टी अर्धा सूर वर गेल्यासारखी वाटली. आज परत जागेवर आलीय. बायकोला काहीच झालं नाही, तिला दडे पण बसले नाहीत, हे मला बरं वाटलं.

कानसेन
२३ डिसेंबर, सकाळी ९:५०

पाच मिनिटांचं रागावणं उधार ठेवते. बाकी पास.

कडक_भाकरी
२३ डिसेंबर, दुपारी १२:१५

वाचतोय मी सगळं, बोलत नाही म्हणून नाही असं समजू नका. आमच्या नातवाला गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) न्यायचंय जानेवारीत, पाच वर्षांचा आहे. होम मैदानावरचं दारूकाम बघायचा त्याचा हट्ट. त्याच्या कानाचं काय करायचं?

कानसेन
२३ डिसेंबर, दुपारी १:३०

लहान मुलांच्या कानात प्लग बसत नाही आणि गिळायची भीती. हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ मिळतात, लहान मापाचे, ते घाला. आणि दारूकाम लांबून बघा. मोठा आवाज आला की कानातला एक छोटा स्नायू आखडून थोडा बचाव करतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो, आणि फटाका त्या क्षणाच्या आतच फुटून मोकळा होतो. म्हणून फटाका डीजेपेक्षा फसवा. मौत का कुआ बघायला कठड्यापाशी नेऊ नका, सायलेन्सर काढलेल्या गाड्या असतात.

कडक_भाकरी
१६ जानेवारी, रात्री १०:४०

नेलं होतं. मफ घालून पोरगं पायलट झालं म्हणून नाचत होतं, सगळ्या गड्ड्यात फोटो काढून घेतले. कंबर तलावाच्या बाजूनं बघू म्हणत होतो, पण एवढ्या लांबून दिसत नाही म्हणून रडला, मग मैदानाच्या मागच्या कडेला उभं राहिलो. दारूकाम चालू झाल्यावर मीच कानात बोटं घातली. पन्नास वर्षं बघतोय, पहिल्यांदा घातली.

आणि हलगीचं, बेसटॉप, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मुद्दाम हलगीवाल्याच्या शेजारी उभा राहिलो फोन घेऊन. १०१. बरं. म्हणलो ते मागं घेतो. डीजेबद्दलचं घेत नाही.

बेसटॉप
१६ जानेवारी, रात्री ११:०५

चालतंय की ओ काका. 🙏

लेझीम_कॅप्टन
१७ जानेवारी, सकाळी ८:२०

काका, मी पण होतो मिरवणुकीत, भेटलो असतो.

पथकाचं सांगायचं राहिलं. परवा मीटिंगला फोमच्या प्लगचा डबा घेऊन गेलो, पन्नास जोड. पोरं म्हणली "म्हातारा झालास बे कॅप्टन". कुणी घेतले नाहीत. मीटिंग संपली, ढोलवाला एकटा मागं राहिला, हळूच म्हणला "दादा, मला पण वाजतं, आईला सांगितलं नाही". एकवीस वर्षांचा आहे. चार जोड घेऊन गेला. नंतर डबा मोजला तर एकोणतीसच जोड शिल्लक. म्हणजे बाकीच्यांनी पण उचलले, फक्त माझ्यासमोर नाही.

शिट्टी मी सोडली. म्हणजे तोंडातली. आता हातात झेंडा घेऊन चाल बदलायची खूण करायचं ठरवलंय, सरावात दोनदा सगळे चुकले, डाव्या रांगेनं बैठी चाल धरली आणि उजवीनं उभी, बघायला आलेली पोरं टाळ्या पिटत होती. गणपतीपर्यंत बसेल.

पद्मनगरचा_पोरगा
१७ जानेवारी, सकाळी ११:००

आमच्या ओळखीच्या एका लूमवाल्यांना धागा वाचून दाखवला, छापील नाही, फोनवरच. ते म्हणले प्लग घातला तर धागा तुटलेला ऐकू येणार नाही. लूमचा आवाज बदलला की त्यांना कळतं कुठला धागा तुटला. ह्याला काय उत्तर द्यायचं मला सुचलं नाही.

कानसेन
१७ जानेवारी, दुपारी ३:१५

रास्त शंका आहे त्यांची, अनुभवी कारागीर सगळे हेच विचारतात. फोम नको त्यांना, फिल्टरवाला कमी तोडणारा द्या. सगळंच सारखं कमी झालं की आवाजातला बदल कळायला हवा. दोन-तीन दिवस चुकल्यासारखं होईल, एका लूमपाशी आधी वापरून बघू देत. आणि त्यांना एकदा ऑडिओमेट्रीला पाठवा. सिव्हिलमध्ये ईएनटी विभाग आहेच. खड्डा आधीच मोठा असेल तर तुटलेला धागा तसाही थोड्या वर्षांनी ऐकू येणार नाही, हे जरा मऊ करून सांगा.

लेझीम_कॅप्टन
१४ मार्च, रात्री १२:१०

धागा वर आणतोय. आज कूलर काढला माळ्यावरनं. धुतला, वाळा बदलला, पंप चालू होईना म्हणून तासभर झटापट केली, शेवटी चालला. रात्री लावला आणि आडवा झालो. काहीच नाही. शिट्टी नाही. पाच महिन्यांनी. बायकोला म्हणलं, गेली. ती म्हणली, गप झोप.

पावणेबाराला लाइट गेली. आहे, तिथंच आहे. पण खरं सांगू, यावेळी मीटरपाशी गेलो नाही. अंधारात पडून ऐकत होतो, मग पोरगं उठलं पाणी मागत, त्याच्या नादात केव्हा विसरलो कळलं नाही, आत्ता लिहायला बसलो तेव्हा परत आठवली.

शेंगाचटणी
१४ मार्च, रात्री १२:१४

वाळा कुठनं घेतलास बे? माझा गेल्या वर्षीचा पार सडलाय, वास येऊलालाय.